काचेवर टकटक करणाऱ्या ट्रकवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीर लिहितोय. खूण सांगतो: हौद्यावर टप बसवलेला पिकअप, सगळ्या काचा गच्च बंद, आणि आत शेगडी पेटवून हात शेकत बसलेला शहाणा. तो मी.

तुम्ही टकटक केलीत तेव्हा वाटलं, गाडी वाटेत लावली म्हणून ओरडायला आलात. तुम्ही आधी शेगडी विझवायला लावलीत, मागचं दार सताड उघडलंत आणि मगच बोललात. बंद जागेत शेगडी जळली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास. डोकं जड होतं आणि माणसाला वाटतं, झोप येतेय. हे मी वाचलं होतं हो! पण उणे १२ मध्ये बोटं वळेनाशी झाली की वाचलेलं कुठे आठवतं? बरं, मग इंजिन चालू ठेवून झोपतो म्हणालो, तर तुम्ही मला मागे नेऊन सायलेन्सरचं तोंड दाखवलंत. साचलेला बर्फ त्याच्या वीतभर खाली आला होता. रात्री आणखी पडला असता तर तोंड बुजून धूर गाडीतच शिरला असता.

माझी सगळी तयारी अंगावर घ्यायची होती. तीन ब्लँकेटं, दोन जाड जॅकेटं. तुम्ही अंथरूण उचललंत आणि म्हणालात, "पत्र्याला हात लाव." लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. अंगाखाली स्लीपिंग बॅग दबते, तिच्यात धरलेली हवा निघून जाते आणि उबही तिच्याबरोबर जाते. "वरची दोन काढ, खाली घाल." त्याखाली तुमच्या केबिनमधला फोमचा तुकडाही आलाच.

काच बोटभर उघडी ठेवण्यावरून मी वाद घातला, त्याबद्दल माफ करा. रात्रभरात श्वासातून पेलाभर तरी पाणी बाहेर पडतं, ते टपाला आतून गोठतं आणि सकाळी पांघरुणावर ठिबकतं, हे तुम्ही न चिडता समजावलंत. ओलं झालेलं पांघरूण काय कामाचं! समोरासमोरच्या दोन फटी ठेवल्या. पहिली पाच मिनिटं तुम्हाला मनात शिव्या घातल्या, नंतर झोप लागली.

इंजिनाचं मी काहीच केलं नव्हतं. डिझेल कुठे भरलं, विचारलंत. खाली, उबदार भागात. तिथल्या डिझेलमधलं मेण अशा थंडीत सुटं होऊन फिल्टर चोंदवतं, आणि एकदा चोंदला की औषध टाकून फारसा उपयोग नाही. तुमच्या बाटलीतलं औषध वेळेत टाकीत पडलं, आणि ते फिल्टरपर्यंत पोहोचावं म्हणून मागचं दार उघडं ठेवून, तुम्ही शेजारी उभे राहून, इंजिन थोडा वेळ चालवलंत. रॉकेल मिसळू का म्हटल्यावर तुम्ही ज्या नजरेनं पाहिलंत ती विसरणार नाही. आतला दिवाही बंद करायला लावलात: भरलेल्या बॅटरीचं आम्ल सहजी गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासही गोठून फुटू शकते. रेडिएटरमध्ये मी वाटेत साधं पाणी ओतलं होतं. चूक कळल्यावर नुसतं ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून रेडिएटरमध्ये मिसळतात ते द्रव) ओतायला निघालो, तेव्हाही हात धरलात. नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या सुमारासच गोठतं. पाण्याशी निम्मंनिम्म केलं की उणे ३७ पर्यंत टिकतं. हे अजूनही मला उलटंच वाटतं, पण खरं आहे.

शेवटी हँडब्रेक. ओढायचा नाही, ओले ब्रेक ड्रमला गोठून चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकाखाली ठोकळा.

सकाळी काचेवर बाहेरून बर्फाची नक्षी होती, पांघरूण कोरडं होतं. तिसऱ्या चावीला इंजिन लागलं. तुम्हाला सांगायला उतरलो, तर बर्फात फक्त तुमच्या चाकांचे माग.

तुमचा फोमचा तुकडा आणि ठोकळा माझ्याकडेच राहिलेत. ठोकळ्याच्या एका अंगाला खडूनं कसलातरी हिशेब लिहिलाय. महत्त्वाचा असेल तर कळवा, अजून पुसलेला नाही.

तुमचा,
शेजारचा पिकअपवाला