मालवणच्या समुद्राचा अहवाल मालवणातही ठेवा

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मालवण सागरी अभयारण्यातल्या संशोधन परवान्यांत एक अट घालण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मालवणचा. घरची होडी आहे, मासेमारी करतो आणि थंडीत संशोधक मंडळी आली की त्यांना घेऊन किल्ल्यामागच्या खडपांवर जातो. त्यामुळे हे पत्र संशोधनाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो.

1987 साली आमच्या दारातला 29.12 चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य झाला. त्यातला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा 3.18 चौरस किलोमीटरचा पट्टा गाभाक्षेत्र. तेव्हापासून मच्छीमारांच्या मनात एकच भीती आहे : आज फलक लावला, उद्या जाळी बंद करतील. वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 साली कलम 26अ आलं. समुद्रात अभयारण्याची हद्द आखताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपावं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पण हे किती रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांना, कुणी समजावून सांगितलं? दांडीच्या किनाऱ्यावर विचारून बघा.

त्या भीतीत भर पडते ती संशोधन मोहिमांची. ऑक्टोबरात पाणी निवळू लागलं की गाड्या येतात. ऑक्सिजनची म्हणून लोक ज्यांना ओळखतात, त्या खरं तर दाबलेल्या हवेच्या टाक्या उतरतात. पोरं हुशार असतात, कष्टाळूही. पाण्याखाली खडकावर फीत अंथरायची, तिच्या कडेने चौकट ठेवत फोटो काढायचे, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचे, तापमान लिहायचं. दुपारी ऊन डोक्यावर आलं तरी वहीतलं अक्षर बिघडत नाही. एकदा एक मुलगी काळीपांढरी तबकडी दोरीने सोडत होती. पाणी किती स्वच्छ आहे ते मोजायला ती दिसेनाशी होईपर्यंत खाली सोडतात. आमच्या म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, तबकडी पाण्याला लागायच्या आधीच सांगितलं, दोन वाव, म्हणजे साधारण बारा फूट. दोरी मोजली तर आकडा जवळपास तोच. तिने लगेच विचारलं, काका, कसं ओळखलंत? तो म्हणाला, रात्री वारा कुठून होता ते बघ, ओहोटी किती झाली ते बघ. तिने तेही वहीत उतरवलं. अशी माणसं आली की बरं वाटतं.

पण नंतर काय? वही जाते, बाटल्या जातात आणि आमच्या हाती काही लागत नाही. तोच तांडेल आता म्हणतो, "पाणी भरून नेल्यानी, पुढे काय झाला, कोण सांगतलो?" मी एका मोहिमेच्या प्रमुखांकडे अहवाल मागितला, तर छापून आल्यावर पाठवतो म्हणाले. अजून वाट बघतोय. बरं, आला असता तरी इंग्रजीत आला असता.

आणि त्या अहवालांतलं आमच्या कामाचं असतं, साहेब. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांवर बरीच वर्षं काम केलंय. पाणी नेहमीपेक्षा तापलं की प्रवाळाच्या अंगातलं शेवाळ बाहेर पडतं आणि तो पांढरा पडतो. तसं इथेही झाल्याचं त्यांनी नोंदवलंय. पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे प्रवाळ कसे मोडतात, यावर त्यांचा निबंध 2020 साली प्रसिद्ध झाला. शिकाऊ माणूस पाण्यात घाबरतो आणि पहिला पाय ठेवतो तो प्रवाळावर. हे रोज पाहणारे आमचे डायव्हिंगवाले. ज्याने वाचायला हवं त्याच्यापर्यंत तो निबंध पोचला नाही, आणि ज्यांच्यापर्यंत पोचला ते इथे नांगर टाकत नाहीत. हे वाया जाणं मला सर्वांत जास्त खुपतं.

म्हणून मागणी एकच आहे. अभयारण्यात संशोधनासाठी शिरायला त्याच कायद्याच्या कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो, आणि तो अटींवरच मिळतो. त्या अटींत ही घाला : काम संपल्यावर सहा महिन्यांत चार पानांचा मराठी गोषवारा मालवणला द्यायचा आणि तो मच्छीमार सोसायटीच्या सभेत संशोधकाने स्वतः येऊन सांगायचा. तापमानाच्या नोंदी आणि प्रवाळांचे फोटो यांची एक प्रत आपल्याच वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे ठेवायची. शोधनिबंध छापून यायचा असेल तर खुशाल येऊ दे, त्याला आमची आडकाठी नाही, पण कोणती जागा पांढरी पडली एवढं सांगायला नियतकालिकाची परवानगी लागत नाही. जो देणार नाही त्याला पुढच्या हंगामात परवाना नाही. आणि सोबत जाणाऱ्या होडीवाल्याचं नाव अहवालात आलं तर कुणाचं काही बिघडणार नाही. जागा त्यानेच दाखवलेली असते.

याच्या बदल्यात परवाना लवकर द्या. विद्यार्थी कागदांच्या मागे मुंबई-नागपूर करतात, आणि कागद हातात येईपर्यंत पाणी गढूळ व्हायला लागलेलं असतं. मग घाईघाईत दोन दिवसांत काम उरकतात. अशा घाईतल्या कामावरून समुद्राबद्दल निर्णय झाले तर त्याचा भुर्दंड आम्हालाच.

आणखी एक. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, पाण्याखालचं प्रवाळांचं मोठं पठार. डिसेंबर 2019 मध्ये तिथेही मोहीम गेली होती. ती जागा 12 सागरी मैलांच्या पलीकडे असल्याने तिथे आपल्या खात्याचा हात पोचत नाही, ते दिल्लीचं काम. पण मालवण तर आपल्याच हातात आहे. इथे ही पद्धत बसली तर उद्या आंग्रियाबद्दल बोलताना मच्छीमार पहिल्या वाक्याला उठून जाणार नाहीत.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर असतात, माणसं गावात असतात. आतापर्यंतच्या मोहिमांचे अहवाल मागवून त्या दोन महिन्यांत पहिली सभा लावता येईल. नवीन अट ऑक्टोबरच्या आधी लागू व्हावी. नियमांत दुरुस्ती लागणार असेल तर तिचा मसुदा आधी मालवणला पाठवा, आम्ही वाचून कळवतो.

आपला,
मालवणचा एक होडीवाला