घड्याळाचे चित्र काढता आले नाही म्हणजे अल्झायमर नव्हे

संपादक महोदय,

साठीनंतरचा विसराळूपणा ‘वयच झालं’ म्हणून सोडून देतात आणि रुग्ण दवाखान्यात येतो तो घरचा रस्ता चुकल्यावरच. पाच मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा विचारणे, पेन्शनचा हिशेब न जुळणे, रोजच्या स्वयंपाकातला क्रम चुकणे या स्मृतिभ्रंशाच्या (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) खुणा आधीपासून असतात.

स्मृतिभ्रंशाची शंका तपासणारी ‘मिनी-कॉग’ ही प्राथमिक चाचणी तीन मिनिटांची. तीन शब्द सांगायचे, कागदावर घड्याळाचे चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला लावायचे, मग शब्द विचारायचे. पाचपैकी तीनपेक्षा कमी गुण आले तर पुढची तपासणी. मात्र सोलापूरच्या पूर्व भागात जन्मभर विड्या वळलेल्या, घरात तेलुगूच बोलणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या आजींना मराठीतून घड्याळ काढायला सांगितले, तर त्या ठणठणीत असूनही नापास होणार! त्यांच्या सुनेला विचारा: वर्षभरापूर्वी जमणारे आता काय जमत नाही?

मेंदूच्या एमआरआयची घाई करण्याआधी रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), साखर, सोडियम पाहावे; त्यांच्या बिघाडानेही विसराळूपणा येतो. नैराश्य आणि बहिरेपणही. चालू गोळ्यांची पिशवी सोबत आणावी. झोपेच्या, अ‍ॅलर्जीच्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्यांनी स्मृती मंदावते. पण त्या परस्पर बंद करू नयेत. आणि एमआरआय ‘नॉर्मल’ आला म्हणून सुरुवातीचा अल्झायमर नाहीच, असे ठरत नाही.

तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर तपासणाऱ्या सरकारी आरोग्य केंद्रांतच साठीपुढच्यांची स्मृतिचाचणी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दूतून सुरू करावी.

– स्मृतिभ्रंश रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर, सोलापूर