टाकीवरचा पोचा

पुणे,
15 जून 2025

प्रिय वसंता,

परवा फोनवर तू म्हणालास, "अन्या, तुझ्या त्या गाडीवाल्या ग्रुपात असं आहे तरी काय?" मी "काही नाही रे, असंच" म्हणून वेळ मारून नेली. फोन ठेवला आणि लक्षात आलं, की तुझा खरा प्रश्न वेगळाच होता. माझी नोकरी गेली ते तुला वर्षभरानं कळलं, तेही सुमनवहिनींच्या भावाकडून. ग्रुपवर मात्र मी ते दुसऱ्याच दिवशी बोललो होतो. ते तुला लागलंय. लागणारच. फोनवर मला असलं बोलता येत नाही हे तुला चाळीस वर्षं ठाऊक आहे, म्हणून लिहितोय. लांबण लागेल. चहा घेऊन बस.

गाडीपासून सुरू करतो, म्हणजे मला सोपं जाईल. बाबांनी 1984 साली पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली येझदी रोडकिंग मोटरसायकल, ती तुला सांगायला नकोच. आपल्या आळीत ती आली तेव्हा तू पेढ्याआधी सायलेन्सर मोजले होतेस, "इंजिन एक आणि पाइप दोन कसे?" म्हणून. बाबा गेल्यावर ती पुण्याला आणली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली नऊ वर्षं उभी राहिली. उंदरांनी सीट खाल्ली. भंगारवाला चार हजार म्हणाला. मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. मग त्यानं गाडी हलवायला म्हणून हँडल धरलं, ते मला का कोण जाणे बघवलं नाही, आणि मी त्याला उगाचच "कागद सापडत नाहीत" असं सांगून घालवलं.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एकानं मला ग्रुपवर घातलं. जुन्या जावा-येझदी मोटरसायकलवाल्यांचा ग्रुप. आता आम्ही चारशेच्या वर आहोत. कोल्हापूर, मिरज, नाशिक, बेळगाव, पणजी, शिवाय एक मस्कतला आहे, ज्याची गाडी चिपळूणला आईकडे असते. तो दर शुक्रवारी आईला व्हिडिओ कॉलवर किक मारायला लावतो. म्हातारी सत्तरीची आहे. मारते!

वसंता, त्या ग्रुपात मला अजून निम्म्या लोकांची नावं माहीत नाहीत. माझ्या फोनमध्ये नंबर असे आहेत: "रोडकिंग लाल मिरज", "क्लासिक काळी वाई", "जावा 66 बेळगाव". कोण डॉक्टर आहे, कोण वीटभट्टीवाला आहे, ते विचारायची पद्धत नाही. गुड मॉर्निंग नाही, राजकारण नाही, देवाचे फोटो नाहीत. पहिला प्रश्न एकच, "गाडी कुठली, कुठल्या सालची?" दुसरा, "चालू आहे का?" आणि चालू नसेल तर माणसं अशी सरसावून बसतात, जसे आपल्याकडे लग्न जमत नसलेल्या मुलाकडे बघून नातेवाईक.

माझी चालू झाली ती या लोकांच्या कानांवर. खरंच. मी किक मारून आवाज रेकॉर्ड करायचो आणि टाकायचो. इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी, मी त्यांना अजून पाहिलेलं नाही, अकरा सेकंदांचं ते फुसफुसणं ऐकून सांगितलं, "सायलेन्सर कोंडलाय. आतला बफल काढा, जाळा." टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्याचं कार्बन पाइपात थर धरतं, हे मला बाबांची गाडी असून माहीत नव्हतं. बफल काढला तर चुलीतल्या काजळीसारखा गच्च भरलेला. मग पॉइंट, म्हणजे उघडमीट करून ठिणगीची वेळ साधणारे दोन संपर्क. गॅप मोजायला माझ्याकडे गेज नाही म्हटल्यावर एकाचं उत्तर आलं, "व्हिजिटिंग कार्ड आहे का? त्याच्या जाडीएवढा ठेवा." मी कंपनीचं माझंच कार्ड वापरलं. तेवढं काम त्या कार्डानं वीस वर्षांत केलं नव्हतं.

आता खंबाटकीची गोष्ट. ही तुला कधी सांगितली नाही, कारण तू म्हणाला असतास, "या वयात झक मारायला कशाला गेलास?"

2019 चा सप्टेंबर. गाडी नीट झाल्यावर पहिल्यांदाच सातारला निघालो होतो. तेव्हा येताना बोगदा लागायचा, पण जाताना घाट चढावाच लागायचा. पाऊस होता. वरच्या वळणाला गाडी दोनदा ठसकली आणि बंद. प्लग काढला, पुसला, काही नाही. बाजूनं ट्रक पाणी उडवत चाललेले. मी ग्रुपवर लोकेशन टाकलं आणि लिहिलं, "खंबाटकी, स्पार्क नाही." घरी कळवलं नाही.

पन्नास मिनिटांनी एक माणूस स्कूटरवरून आला. येझदीवाला येझदीवर येईल असं मला वाटलं होतं! तो म्हणाला, "पावसात तिला कशाला भिजवायची?" वाईहून आला होता. रेनकोट काढला नाही, नमस्कार-चमत्कार नाही. मला टॉर्च धरायला लावली, उजवीकडचं कव्हर उघडलं आणि म्हणाला, "मारा किक." ती किक तुला आठवते ना, गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवायचा आणि मग मारायची? मारली. पॉइंटमध्ये पिवळट निळी ठिणगी तडतडली. "बघा," तो म्हणाला, "जिथं नको तिथं जाळ काढतीय. काय न्हाय, कंडेन्सर गेलाय."

खिशातून त्यानं चुन्याची डबी काढली. आत कापसात गुंडाळलेला कंडेन्सर होता, पॉइंटवरचा जाळ दाबणारा, बोटाच्या पेराएवढा. तो बसवला, दुसऱ्या किकला गाडी बोलली. मी पाकीट काढलं तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते परत ठेवलं. मग म्हणाला, "तुमचा गेलेला द्या की." मेलेला कंडेन्सर कशाला? तर घरी बरणीत साठवतो म्हणे. कुठल्या कंपनीचा किती वर्षांनी गेला, ते चिठ्ठीवर लिहून चिकटवतो. तुला सांगतो, मी पंचवीस वर्षं क्वालिटी विभागात काढली, असा रेकॉर्ड ठेवणारा माणूस मला तिथं भेटला नाही.

जाताना त्यानं नाव सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. "क्लासिक काळी वाई" तो हाच.

नोकरी गेली तेव्हा मी ग्रुपवर काय लिहिलं माहितीये? "आता गाडीला भरपूर वेळ देता येईल." एवढंच. तीसेक जणांनी अंगठे टाकले. रात्री साडेनऊला वाईहून फोन आला. "वेळ म्हंजे? नक्की काय झालंय?" मी सांगितलं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "क्लच प्लेटा कधी काढल्या होत्या?" आणि आम्ही तासभर क्लचवर बोललो. कॉर्कच्या प्लेटा असतात आत, ऑइलमध्ये भिजलेल्या. कॉर्क झिजलं की गाडी ओढत नाही, नुसती ओरडते. मी त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपलो.

तुला का नाही सांगितलं? मी पुष्कळ विचार केला. तुझ्यासमोर मी वर्गातला पहिला नंबर आहे रे. बोर्डात आल्यावर हेडसरांनी तुझ्यादेखत पाठ थोपटलेला. तुला सांगायचं म्हणजे तिथपासून इथपर्यंतचं सगळं अंतर मोजत यायचं. वाईवाल्याला माझं अंतर माहीतच नाही. त्याला मी म्हणजे 84 ची रोडकिंग आणि एक गेलेला कंडेन्सर. तिथं बोलायला सोपं होतं. ते जास्त जवळचे आहेत असं नाही, वसंता. पण चुकलोच मी. सांगायला हवं होतं.

आता तू म्हणशील, म्हणजे सगळी देवमाणसंच. छे! एकानं जुना कार्बोरेटर देतो म्हणून सात जणांकडून आगाऊ पैसे घेतले आणि ग्रुप सोडला. काहींचा नुसता फोटो काढण्याचा सोस. क्रोम इतकं घासतात की दाढी करता यावी, आणि गाडी वर्षात चाळीस किलोमीटर चालते. भांडणं तर काय विचारतोस! म्हैसूरचा कारखाना 1960 पासून जावा काढत होता, 1973 पासून नाव येझदी झालं आणि 1996 ला सगळं बंद पडलं. "फॉरएव्हर बाइक, फॉरएव्हर व्हॅल्यू" असं लिहिणारी कंपनी गेली आणि बाइक राहिल्या. मग 2018 ला नवी जावा आली, 2022 ला नवी येझदी, आणि या नव्या गाडीवाल्यांना ग्रुपात घ्यायचं की नाही यावर आमच्यात तीन आठवडे महाभारत झालं. नवी येझदी 334 सीसीची, फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी. जावा 66 बेळगाव, म्हणजे आमचे भीष्माचार्य, त्यांनी लिहिलं, "इंजिनात पाणी? ही गाडी की गिझर?"

मीही तेव्हा त्यांच्याच बाजूचा होतो. धूर नाही, तो घुमणारा आवाज नाही, येझदी कसली? तरी नाशिकची एक पोरगी आली, पंचविशीची, नव्या येझदी रोडस्टरवाली. चार महिने तिला कुणी धड उत्तर दिलं नाही. मग पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं पुनर्नोंदणीचं झंगट निघालं. पर्यावरण कर, फिटनेस, नव्या नंबरप्लेटा, सगळं ऑनलाइन. आमच्यातल्या निम्म्यांना ओटीपी कुठं येतो ते कळत नाही. तिनं एकेकाचे कागद भरून दिले. आता भीष्माचार्य तिला "बाळ" म्हणतात, आणि त्यांची स्वप्नं ती जागवते: पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळा 'व्हीए'चा नंबर मिळतो, तो त्यांना घ्यायचाय. माझीला अजून नऊ वर्षं आहेत. तेव्हा आपण त्रेसष्टचे असू. गाडी चालेल. माझ्या गुडघ्यांचं सांगता येत नाही.

सध्या सगळे हवालदिल आहेत ते पेट्रोलवरून. वीस टक्के इथेनॉल आलं. ते पाणी ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. माझा पेट्रोल कॉक महिन्यात दोनदा गळला. ग्रुपवर रोज कुणी ना कुणी वॉशरचा फोटो टाकून रडतो. घरी सुनीता म्हणते, "तुम्ही लोक नातवंडांचे फोटो टाकायच्या वयात हे काय टाकता?" पण परवा तीच मला विचारत होती, मिरजवाल्यांचा वॉशर बसला का म्हणून.

मिरजवाल्यांवरून मुद्द्यावर येतो. हे गृहस्थ टाकीचे पोचे काढण्यात एक नंबर. रंग न उडवता आतून काढतात. माझ्या गाडीचा फोटो बघून म्हणाले, "टाकी पाठवून द्या, पोचा काढून देतो, पैसे नकोत." तो पोचा कुठला, सांगायला हवं का? 1989 ची दिवाळी, यवतेश्वरचा घाट, खडी, आणि हँडलवर तू. मी मागं ओरडतोय "ब्रेक, ब्रेक," तू क्लच दाबतोयस. हँडल गर्रकन फिरून टाकीत बसलं. तुझं कोपर सोललं होतं आणि तू रडत होतास, ते कोपरासाठी नव्हे, बाबांसाठी. आपण दोघांनी शपथेवर सांगितलं, म्हैस आडवी आली. बाबांनी टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं. म्हशीला लागलं का?" पुढं कधी विषय नाही काढला. मला वाटतं त्यांना तुझं कोपर दिसलं होतं.

मी मिरजवाल्यांना नाही म्हटलं. का, म्हणून सगळे मागं लागले. ओरिजिनल गाडीला पोचा म्हणजे त्या लोकांना पाप वाटतं. शेवटी मी लिहिलं, "वडिलांच्या वेळी म्हैस आडवी आली होती, राहू द्या." झालं! त्या दिवसापासून तिथं मला अनिल कुणी म्हणत नाही. मी "म्हैसवाले." नाशिकची पोरगीसुद्धा "म्हैसवाले काका" म्हणते.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर जावा-येझदी दिवस असतो. यंदा 13 तारखेला येतो. आम्ही वाईला जमणार आहोत, घाटावर गणपतीसमोर सकाळी नवाला, मग पसरणीचा घाट चढून पाचगणीपर्यंत. मागची सीट नवी करून घेतलीय. तू शनिवारी बडोद्याहून रात्रीची गाडी पकड, रविवारी पहाटे मी स्टेशनवर येतो. रेनकोट आण, माझ्याकडे एकच आहे. हेल्मेट मी देतो. चालवायला मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

ग्रुपवर सगळे म्हणतायत, म्हैसवाले, या वेळी म्हैस घेऊन या. आणतो असं कळवलंय. नाव अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
अन्या

ता. क. कोपराचा व्रण अजून आहे का? शर्ट अर्ध्या बाह्यांचा घाल.