जुन्या पॉप-अप ट्रेलरला रंग सगळ्यात शेवटी

संपादक महोदय,
स. न.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या कॅम्पिंगविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. जुना पॉप-अप ट्रेलर स्वस्तात घ्यावा, आतून पांढरा रंग मारावा, गाद्यांना नव्या खोळी शिवाव्यात आणि सहलीला निघावे, असा त्याचा सूर आहे. हौसेबद्दल तक्रार नाही, पण कामाचा क्रम उलटा सांगितला आहे. या क्रमाने गेलेल्या माणसाचा रंग पहिल्याच पावसाळी मुक्कामात फुगतो आणि खालचे कुजके लाकूड तसेच राहते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बंद असताना ही चाकांवरची बुटकी पेटी असते. हँडल फिरवले की छत चार खांबांवर वर जाते, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर सरकतात आणि मधल्या जागेत कापड ताणले जाते. कोलमनचे ट्रेलर पेनसिल्व्हेनियातील सॉमरसेटला बनत, तर १९६८ मध्ये सुरू झालेल्या जेकोचे इंडियानातील मिडलबरीला. वीस-तीस वर्षांपूर्वीचे हे ट्रेलर आजही घरोघरी अंगणात ताडपत्रीखाली पडून आहेत आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर विक्रीला निघतात.

पाहायला जाताना खिशात एक स्क्रूड्रायव्हर असू द्यावा. दाराच्या उंबऱ्याजवळची जमीन, सिंकखालचा कोपरा, चाकांच्या वरचा भाग आणि पेटीचे चारही कोपरे टोचून पाहावेत. चांगल्या प्लायवूडवर टोक अडते. कुजलेल्यात ते रुतते आणि बाहेर काढल्यावर त्याला काळपट ओला भुगा लागलेला असतो. मग छत पूर्ण वर न्यायला सांगावे. ‘आज वेळ नाही, पण सगळे चालू आहे,’ असे मालक म्हणाला तर नमस्कार करून निघावे. मालकी हक्काचे टायटल नसेल तरीही निघावे. टायटल असेल तर त्यावरचा क्रमांक चासीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा.

छताखाली काम सुरू करण्यापूर्वी चारही कोपऱ्यांना दोन बाय चार इंची लाकडाचे, नेमक्या उंचीला कापलेले टेकू लावावेत. लेखात याचा उल्लेखच नाही. कित्येक मॉडेलांत शेकडो पौंडांचे हे छत एकाच विंचला, म्हणजे हँडलने तार गुंडाळणाऱ्या यंत्राला, जोडलेल्या तारेवर तोललेले असते आणि ती तार गंजलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. ब्रेक असलेला विंच वर नेताना टकटक वाजलाच पाहिजे, आणि हात सोडला तरी हँडल जागचे हलता कामा नये. हलले तर आतल्या ब्रेकच्या चकत्या झिजल्या आहेत किंवा त्यांवर कोणी तेल ओतले आहे. विंचच्या दातांना वंगण चालते, चकत्यांना अजिबात नाही. छताचा एकच कोपरा मागे राहत असेल तर त्या कोपऱ्याची तार ताणली गेली असते किंवा नळी कोरडी पडलेली असते. छत पूर्ण वर गेल्यावरही ‘अजून एक फेरा’ देणे हे तारा तुटण्याचे नेहमीचे कारण आहे.

आता छत. गळती क्वचितच पत्र्याच्या मधून होते. ती कडेच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीतून, कोपऱ्यांच्या जोडांतून आणि वरच्या झडपेच्या चौकटीतून होते. पट्टीतली प्लास्टिकची फीत ओढून काढली की खाली स्क्रूंची रांग दिसते. ज्या स्क्रूचे डोके तांबूस गंजले आहे तिथून पाणी आत गेले, असे बेलाशक समजावे. पट्टी पूर्ण काढायची, जुना कडक झालेला सीलंट (फटी बुजवणारा लेप) प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा, मिनरल स्पिरिटने पुसायचे, खाली ब्यूटिल टेप (मऊ, चिकट रबरी फीत) लावायची आणि स्टेनलेसचे स्क्रू वापरून पट्टी पुन्हा बसवायची. सैल झालेल्या भोकांत लाकडी खुंटी इपॉक्सीने बसवून नव्याने भोक पाडावे. नुसता जाडा स्क्रू वर्षभरात पुन्हा सैल होतो. वरच्या सपाट जोडांना आपोआप पसरणारा लॅप सीलंट लावावा.

लेखात सुचवलेले सिलिकॉन मात्र छताला लावू नये. ते काही महिन्यांत कडेने सुटते आणि मागे जो अदृश्य थर सोडते त्यावर पुढे ना रंग धरतो, ना दुसरा सीलंट, ना टेप. जुन्या मालकाचे सिलिकॉन खरवडण्यातच निम्मे श्रम जातात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील काही कोलमन मॉडेलांची छते एबीएस प्लास्टिकची आहेत आणि ती तडकतात. तिथे भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून ती पुढे जाणे थांबवावे, एबीएसचे तुकडे असिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा भेगेत भरावा आणि मग वरून लवचीक लेप द्यावा.

छत कोरडे झाल्याशिवाय जमिनीला हात लावण्यात अर्थ नाही. बऱ्याच मॉडेलांत भिंती जमिनीच्या फळीवरच उभ्या असतात, त्यामुळे अख्खी फळी बदलायची तर पेटीच सुटी करावी लागते. कूज एका कोपऱ्यापुरती असेल तर ठिगळ पुरते. कुजका भाग निरोगी लाकडाच्या निदान तीन-चार इंच आतपर्यंत कापावा, सांधा जमेल तिथे चासीच्या आडव्या चॅनलवर आणावा, नसेल जमत तर खालून सहा इंच रुंद प्लायची पट्टी गोंद व स्क्रूने जोडावी. जाडी मूळचीच ठेवावी. नव्या तुकड्याच्या चारही कडा इपॉक्सीने दोनदा भिजवाव्यात, कारण प्लाय पाणी पितो तो कडेने. ‘कुजू नये म्हणून’ प्रेशर ट्रीटेड लाकूड घेण्याचा मोह होतो, पण त्यातले तांबे अ‍ॅल्युमिनियमला खाते. जिथे पत्रा टेकतो तिथे साधा एक्स्टीरियर ग्रेड प्लाय बरा.

कापडाचा हिशेब विकत घेतानाच करावा. सगळे कापड नवे शिवून आणायचे तर कित्येकदा ट्रेलरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जुने सुती मिश्रणाचे कापड सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवावे, ब्लीच वापरू नये. नवे सुती कापड शिवणीतून सुरुवातीला थेंब थेंब गळते. ते पूर्ण भिजवून पूर्ण वाळवले की दोरा फुगून भोके बुजतात. ओले असताना मिटून आणावे लागलेच तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवावे, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके कायमचे.

चाकांची नक्षी पाहून फसू नये. टायरच्या बाजूला ‘डॉट’ (अमेरिकी परिवहन खाते) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातील शेवटचे चार आकडे पाहावेत: ३५१६ म्हणजे २०१६ सालचा पस्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर उभ्या उभ्याच म्हातारा होतो. बदलताना एसटी (ट्रेलरसाठीचा) शिक्क्याचाच घ्यावा, मोटारीचा नव्हे. बेअरिंग काढून धुवावे. रोलर निळसर झाले असतील किंवा त्यांवर खड्डे दिसले तर बाहेरच्या कड्यासह नवे बसवावे. ग्रीस तळहातावर घेऊन दाबत राहावे, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. सील आणि कॉटर पिन दरवेळी नवी. नट घट्ट पिळून ठेवला तर बेअरिंग हायवेवर जळते. हब फिरवत आवळावा, सैल करावा आणि मग नुसत्या बोटांनी बसेल तेवढाच ठेवावा.

गॅसची टाकी २० पौंडांची आणि त्रिकोणी मुठीची असावी. जादा भरणे रोखणारा झडपेचा प्रकार नसलेली टाकी एप्रिल २००२ पासून अमेरिकेत भरून मिळत नाही. रेग्युलेटर जुना असेल तर विचार न करता बदलावा, आतला रबरी पडदा वाळतो. जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत, मात्र अमोनिया असलेला क्लीनर वापरू नये, त्याने पितळ तडकते. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याचा अलार्म जमिनीलगत हवा. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. दोन्हींच्या पाठीमागे मुदत छापलेली असते. विजेत दिवे मिणमिणत असतील तर आधी पांढरी अर्थची तार जिथे चासीला लागते तो गंज घासावा. जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारे यंत्र) बॅटरीचे पाणी उकळवून संपवतो, तो मात्र बदलावाच.

हे सगळे झाले की खुशाल रंग. आतल्या भिंती बहुधा कागदी किंवा व्हिनाइलच्या पापुद्र्याच्या असतात. हलके घासून शेलॅकचा प्रायमर दिल्याशिवाय त्यावर साधा रंग टिकत नाही. नवी फरशी जाड घेतली तर आडवे पडणारे सिंक खाली बसत नाही आणि छत बंद होत नाही, म्हणून आधी छत मिटवून आतली मापे घ्यावीत.

आणि वजन. पाऊण इंची प्लायचा एक अख्खा ताव ६० पौंडांच्या पुढे जातो, २० गॅलन पाणी सुमारे १६७ पौंड. सुंदर लाकडी कपाटे करणारे हे विसरतात. सामान भरलेला ट्रेलर एकदा ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर न्यावा, पाटीवरच्या कमाल वजनाशी आकडा ताडावा आणि एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीला ट्रेलर जोडतो तिथे) येतो का ते पाहावे. कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. अशा वेळी जड सामान चाकांच्या पुढे सरकवावे.

आपला,
एक नियमित वाचक,
मिशिगन, अमेरिका