खोक्यावर १५+, जाहिरातीत ६ ते १२ : मिस्टरी बॉक्स मालिकेबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
संबंधित आयातदार कंपनी, मुंबई कार्यालय

विषय : १२ आकृत्यांच्या मिस्टरी बॉक्स मालिकेचा अपुरा संच, सहज उघडणारे सेलचे झाकण, सुटणारी चुंबके आणि छापील एमआरपीवर चिकटवलेली वाढीव किंमत

महोदय/महोदया,

आपल्या पुण्यातील दालनातून घेतलेल्या मिस्टरी बॉक्सच्या सीलबंद केसबद्दल (एकत्र बांधलेली १२ खोकी, प्रत्येकात उघडेपर्यंत न कळणारी एक छोटी आकृती, प्रत्येकी ₹५९९, एकूण ₹७,१८८) आपल्या ग्राहक सेवा विभागाकडे ई-मेलने तक्रार केली होती. त्यावर तीन मुद्द्यांचे उत्तर आले. मिस्टरी बॉक्समध्ये कोणती आकृती निघेल याची हमी नसते; ही वस्तू १५ वर्षांवरील संग्राहकांसाठी आहे, खेळणे नाही; आणि अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नसेल तर बदली मिळत नाही. यातला एकही मुद्दा टिकणारा नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

हमी नसते हे सुट्या खोक्याबाबत खरे. केसच्या बाहेरच्या वेष्टनावर मात्र ‘पूर्ण संच, एकही आकृती दुबार नाही’ असे आपणच छापले आहे. सुटी खोकी घेत गेले, तर बाराही आकृत्या सारख्याच प्रमाणात भरल्या आहेत असे धरूनसुद्धा संच पुरा व्हायला सरासरी ३७ खोकी लागतात. पहिल्या खोक्यात जे निघेल ते नवेच असते, पण अकरा जमल्यावर उरलेल्या एकीसाठीच सरासरी १२ खोकी फोडावी लागतात. ३७ खोक्यांचे ₹२२,१६३ होतात आणि केस ₹७,१८८ ला मिळते. गिऱ्हाईक केस घेते ते वेष्टनावरच्या त्या एका वाक्यापायी. १४४ खोक्यांमागे एक असलेली ‘सीक्रेट’ आकृती, म्हणजे ठरलेल्या बारांपलीकडची दुर्मीळ आकृती, निघाली नाही याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. ती मिळण्याची शक्यता निम्म्यावर न्यायची तर १०० खोकी, म्हणजे ₹५९,९०० लागतात, हे खोक्यावर बारीक अक्षरात दिलेल्या प्रमाणावरून ज्याचे त्याला काढता येते.

आमच्या केसमध्ये ४ क्रमांकाची आकृती तीनदा आणि ७ क्रमांकाची दोनदा निघाली. २, ९ आणि ११ नाहीत. म्हणजे १२ खोक्यांत ९ वेगळ्या आकृत्या. ही भरतानाची चूक वाटत नाही, कारण खोकी स्वतःच बोलतात. नऊ खोक्यांच्या तळाला एकच बॅच क्रमांक आहे. उरलेल्या तिघांवर दुसरा आहे, आणि ती तीन म्हणजे नेमकी जादाची तीन : ४ ची दोन, ७ चे एक. कारखान्यात खालच्या पाकळीला (खोके बंद करणाऱ्या घडीला) गरम गोंदाचे ठिपके लावतात. असे खोके उघडले की पुठ्ठ्याचा वरचा थर गोंदाबरोबर उचलला जातो. या तीन खोक्यांच्या पाकळीला दुहेरी टेप आहे आणि टेपच्या खाली आधीच उचललेल्या थराचे करडे डाग आहेत. केसवरच्या प्लॅस्टिकचा जोडही एका कडेने सरळ जाण्याऐवजी कोपऱ्यावर सुरकुतला आहे, हीट गनने आवळल्यावर होतो तसा. सगळ्याचे फोटो जोडले आहेत.

असे का होते हे या धंद्यात कोणाला सांगायला नको. सीक्रेट आकृती बहुधा वेगळ्या वजनाची असते. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घेतला की खोके न फोडता अंदाज बांधता येतो. मग हवे ते खोके काढून घ्यायचे, त्या जागी परत आलेले किंवा उघडून बंद केलेले ठेवायचे आणि केस पुन्हा आवळायची. हे आपल्या दालनात झाले की गोदामात, हे आम्ही सांगू शकत नाही. आपल्याकडे बॅचनिहाय नोंद असेलच. उपायही महाग नाही. प्रत्येक खोक्यात वजन सारखे करणारा पुठ्ठा घालावा आणि पाकळीऐवजी ओढून फाडायची पट्टी द्यावी, जी परत चिकटवताच येत नाही.

आता व्हिडिओची अट. ‘खोके उघडतानाचा अखंड व्हिडिओ असेल तरच बदली’ हे वाक्य खोक्याच्या आतल्या माहितीपत्रकात आहे. ते वाचायचे तर खोके आधी उघडावे लागते. बिलावर, बाहेरच्या वेष्टनावर किंवा दालनातल्या पाटीवर ही अट कुठेही नाही. जी अट खरेदीच्या वेळी दिसलीच नाही ती ग्राहकावर लादता येत नाही. शिवाय ४ क्रमांकाची आकृती तीनदा आली हे दाखवायला व्हिडिओ कशाला? तिन्ही खोकी बॅच क्रमांकांसह आमच्याकडे आहेत.

इथपर्यंतचा मामला पैशांचा. याहून गंभीर आहे तो प्रत्येक आकृतीबरोबर येणारा दिव्याचा स्टँड.

स्टँडच्या तळाशी एलआर४४ जातीचे तीन बटण सेल आहेत. त्यांचे झाकण स्क्रूने बंद केलेले नाही, एका बाजूच्या बारीक ओठावर अडकवलेले आहे. नखाने उचलले की निघते. टेबलावरून फरशीवर पडले तरी निघते आणि सेल घरंगळत कपाटाखाली जातात. एलआर४४ चा व्यास ११.६ मिलिमीटर आणि जाडी ५.४ मिलिमीटर, म्हणजे लहान मुलाच्या तोंडात सहज जाईल असा. अन्ननलिकेत अडकलेला बटण सेल रासायनिक गळती न होताही इजा करतो. ओलसर ऊतीतून विद्युतप्रवाह वाहतो, ऋण टोकापाशी अल्कली तयार होते आणि ऊती जळू लागते. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. एवढ्यासाठीच खेळण्यातल्या लहान सेलचा कप्पा हत्याराशिवाय उघडता कामा नये असा नियम असतो. यात मुलाचे वय किती हा प्रश्नच येत नाही, कारण मोठ्याचे खेळणे धाकट्याच्या हाती जायला वेळ लागत नाही. आपल्या खोक्यावर बटण सेलचा साधा इशाराही नाही. ‘गिळल्यास उलटी न करवता ताबडतोब रुग्णालयात न्यावे’ एवढे तरी हवे.

सेलबद्दल आणखी एक. सेल आणि पत्रा यांच्यामध्ये ओढून काढायची प्लॅस्टिकची पट्टी असते, ती इथे नाही, आणि दाबायचे बटण स्टँडच्या वरच्या बाजूला आहे. खोक्यात आकृतीचा दाब त्याच बटणावर येतो, त्यामुळे वाहतुकीतच दिवा पेटून राहतो. नव्या अल्कलाइन बटण सेलला मल्टिमीटरवर १.५ व्होल्टच्या आसपास विद्युतदाब मिळायला हवा. इथे चार स्टँडमधल्या सेलचा ०.९ ते १.१ व्होल्ट निघाला आणि दोन स्टँडमध्ये स्प्रिंगवर पांढरी पूड जमली होती. ती पूड म्हणजे गळलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा अंश, हाताला आणि डोळ्यांना अपायकारक. ‘सेल बदलून पाहा’ हा आपल्या ग्राहक सेवेचा सल्ला आहे. नवे सेल घातल्यावर दिवे लागतात, ते खरे. पण झाकण तेच राहते.

चुंबकांचेही तसेच. ३ आणि ६ क्रमांकाच्या आकृत्यांच्या तळहातात कंदील व छत्री धरण्यासाठी ५ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची चकतीची चुंबके आहेत. दोन्ही आकृत्यांची चुंबके कंदील-छत्री ओढून काढताना हातातून निघून त्या वस्तूंनाच चिकटून आली. कारण उघड आहे : चकतीवर निकेलचा गुळगुळीत मुलामा, ती बसवलेला हात मऊ पीव्हीसीचा, आणि मध्ये झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब. मऊ पीव्हीसीतला मऊपणा आणणारा तेलकट घटक हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि तो गोंद धरून राहत नाही. चुंबक आत घालून वरून प्लॅस्टिकची टोपी वेल्ड केली असती तर हा प्रश्न आला नसता. असे एक चुंबक पोटात गेले तर एक वेळ बाहेर पडेल. दोन वेगवेगळ्या वेळी गेली, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांमधून ती एकमेकांना ओढतात, मधली भिंत दाबली जाते आणि आतड्याला भोक पडते. लक्षणे साध्या पोटदुखीसारखी असतात, म्हणून निदानाला उशीर होतो.

स्टँडवरची खुंटी घोट्यातल्या भोकात इतकी घट्ट बसते की आकृती काढताना खुंटीचे बूड पांढरे पडते. एबीएस प्लॅस्टिक मोडण्याआधी असेच पांढरे होते; बारापैकी तीन खुंट्या मोडून पायातच राहिल्या. हे किरकोळ म्हणून सोडून देतो.

राहिला आपला मुख्य बचाव : ‘हे खेळणे नाही.’ खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यातली खेळण्याची व्याख्या १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी बनवलेल्या किंवा उघडपणे त्यासाठी असलेल्या वस्तूची आहे, मग ती केवळ त्यांच्यासाठीच असो वा नसो. शेवटचे शब्द महत्त्वाचे. खोक्यावर १५+ छापल्याने वस्तू व्याख्येबाहेर जात नाही. ती कोणाला आणि कशी विकली जाते ते पाहिले जाते. आपल्या दालनातल्या जाहिरातीत ‘६ ते १२ वर्षांच्या छोट्या संग्राहकांसाठी’ असे मोठ्या अक्षरात आहे. ही खोकी जिगसॉ आणि चिकणमातीच्या मधल्या फळीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला मांडली आहेत. माहितीपत्रकाच्या मागे रंगवायचे चित्र आहे. पंधरा वर्षांपुढचा कोणता संग्राहक ते रंगवणार आहे, हे आपणच सांगावे.

वस्तू खेळणे आहे म्हटल्यावर त्यावर आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो खोक्यावर, स्टँडवर किंवा आकृतीवर कुठेच नाही. असता तर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून दोन मिनिटांत पडताळता आला असता. यांत्रिक सुरक्षेसाठी आयएस ९८७३ भाग १, ज्वलनशीलतेसाठी भाग २, जड धातूंसारख्या घटकांसाठी भाग ३, थॅलेटसाठी (प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या रसायनांसाठी) भाग ९ आणि सेलवर चालणारा स्टँड असल्यामुळे आयएस १५६४४, या मानकांनुसार झालेल्या चाचणीचा अहवाल आपल्याकडे असेल तर त्याची प्रत पाठवावी. आकृत्यांना उग्र वास आहे, पण वासावरून थॅलेट कळत नाही, म्हणून त्याबद्दल आम्ही काही आरोप करत नाही. अहवाल मागतो.

शेवटी किंमत. खोक्याच्या तळाला आयातदाराच्या लेबलवर ₹५९९ ची पट्टी आहे. ती हेअर ड्रायरने कोमट करून सोलली की खाली ‘एमआरपी ₹४९९, सर्व करांसह’ असे स्वच्छ छापलेले दिसते. वेष्टित वस्तूंच्या वैध मापन नियमांप्रमाणे (२०११) किंमत कमी करण्यासाठी पट्टी लावता येते, आणि तीही मूळ एमआरपी न झाकता. वाढवण्यासाठी लावता येत नाही. बाराही खोक्यांवर हाच प्रकार आहे, म्हणजे एका केसमागे ₹१,२०० जास्त. हा नवा माल महाग पडल्यामुळे लावलेला भाव असेल, तर तो नव्या मालावर छापावा.

आमचे मागणे असे. पूर्ण ₹७,१८८ परत करावेत आणि माल आपल्या खर्चाने न्यावा. राहिलेल्या तीन आकृत्या पाठवून प्रकरण मिटवू नये, कारण त्यांच्याबरोबर आणखी तीन तसेच स्टँड घरात येतील. स्क्रूचे झाकण आणि बंदिस्त चुंबक होईपर्यंत या मालिकेची विक्री थांबवावी. ज्यांनी आधी घेतली आहे त्यांना बिलावरच्या मोबाइल क्रमांकावर सेल काढून ठेवण्याची सूचना द्यावी. सभासद कार्डासाठी आपण तो क्रमांक प्रत्येकाकडून घेताच. दोन बॅच एका केसमध्ये कशा आल्या याचा लेखी खुलासाही हवा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करू. आयएसआय चिन्हाबद्दल भारतीय मानक ब्यूरोकडे, किमतीच्या पट्टीबद्दल वैध मापन शास्त्र यंत्रणेकडे आणि भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो आणि ₹५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यामुळे शुल्क किंवा मुंबईची फेरी यांची अडचण नाही.

कळावे,
आपले,
तक्रारदार पालक, पुणे

सोबत : बिलाची प्रत, बॅच क्रमांक, पाकळ्या व सोललेल्या किंमतपट्टीचे फोटो, दालनातील जाहिरातीचा फोटो, आपल्या ई-मेल उत्तराची प्रत. गळके सेल टपालाने पाठवणे योग्य नसल्याने पाठवलेले नाहीत. ते, मोडलेल्या खुंट्या आणि सुटलेली चुंबके झाकणबंद डब्यात ठेवली आहेत. आपल्या प्रतिनिधीला आधी कळवून येऊन पाहता येतील.