वाढ जन्मांमुळे, धर्मांतरामुळे नाही

संपादक महोदय,
इस्लाम वाढतोय म्हणजे ख्रिश्चन लोक धडाधड मुसलमान होतायत, असली भांडणं वाचून खरंच वाईट वाटतं. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेचा २०२५ चा रिपोर्ट बघा ना, २०१० ते २०२० मध्ये मुस्लिम जवळपास ३४.७ कोटींनी वाढले आणि ख्रिश्चन १२.२ कोटींनी, पण मुस्लिमांच्या वाढीचं मुख्य कारण तरुण लोकसंख्या आणि जास्त जन्म, धर्मांतराचा वाटा अगदी किरकोळ. ख्रिश्चन धर्म सोडणारे बहुतेक जण मशिदीत जातच नाहीत, ते कुठलाच धर्म मानेनासे होतात, युरोप-अमेरिकेत हेच चाललंय. आणि जगातले सगळ्यात जास्त ख्रिश्चन आता सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत, युरोपात नाहीत! नुसते आकडे छापू नका, ही कारणंपण द्या प्लीज.
– एक वाचक, पुणे