शोषखड्ड्यावर माती लोटण्याआधी एकदा बघायला या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पणजीचे टोंक, मडगावचे शिरवडे, वास्कोचे बायणा. मलनिस्सारणाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती या प्रकल्पांची क्षमता, वास आणि निविदा यांची. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात गटारवाहिनी नाही आणि माझ्या हयातीत ती येईल असे वाटत नाही. इथे प्रत्येक घराचा मैला घरामागच्या सेप्टिक टाकीत जातो आणि टाकीतले पाणी शोषखड्ड्यात, म्हणजे ते जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात. त्या खड्ड्याकडे सरकारतर्फे कोण बघतो आणि कधी बघतो, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

माझी नोकरी घरबांधणीच्या कामांवर देखरेखीची होती. चिरे मोजून घ्यायचे, गवंड्यांची हजेरी मांडायची, स्लॅबच्या दिवशी सिमेंटच्या गोण्यांवर नजर ठेवायची. त्यामुळे नकाशातली टाकी आणि जमिनीतली टाकी यांची नेहमीच भेट होते असे नाही, हे मला कुणी सांगायला नको.

कागदावर सगळे चोख असते. नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला आणि मग पंचायतीचा बांधकाम परवाना. घर उभे राहिले की पुन्हा आरोग्य केंद्र आणि शेवटी ऑक्युपन्सी, म्हणजे घरात राहायला जाण्याचा दाखला. नकाशाच्या कोपऱ्यात टाकीचा एक चौकोन आणि सोकपिटचे, म्हणजे शोषखड्ड्याचे, एक वर्तुळ असते. पण पाहणी होते ती ऑक्युपन्सीच्या वेळी. तोवर खड्डा बुजलेला असतो, वर पेव्हर बसलेले असतात नाहीतर लॉन अंथरलेले असते. येणारा निरीक्षक प्रामाणिक असला तर टाकीचे झाकण उचलायला लावतो. आत पाणी दिसते, तो सही करतो. त्याची तरी काय चूक? टाकीच्या तळाला काँक्रीट घातले की नाही, मधली भिंत आहे की नाही, आत-बाहेरच्या पाइपांना टी (T आकाराचे जोड) लावले की नाही, खड्डा किती खोल गेला, हे त्याला वरून कसे कळणार?

तळ न घातलेल्या टाक्या मी किती पाहिल्या म्हणून सांगू! ‘आमची टाकी इतक्या वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’ असे मालक मोठ्या अभिमानाने सांगतात. न भरणारी टाकी म्हणजे गळणारी टाकी. पण हे तोंडावर बोललो की संबंध बिघडतात.

आता घरचेच सांगतो. आमच्या आवाराला लागून एक प्लॉट विकला गेला आणि तिथे बंगल्याचे काम सुरू झाले. कुंपणापलीकडे जेसीबीने खड्डा मारलेला दिसला म्हणून मी टेप घेऊन गेलो. आमच्या विहिरीच्या कठड्यापासून खड्ड्याच्या कडेपर्यंत सात मीटरही भरेनात. मुकादम ओळखीचा होता. तो म्हणाला, “काका, प्लानांत आसा तशेंच केलां.” त्याचे खरे होते. मी नकाशा मागून पाहिला. खड्डा जिथे दाखवला होता तिथेच मारला होता. नकाशात नव्हती ती आमची विहीर.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. नकाशा ज्याच्या-त्याच्या प्लॉटचा असतो आणि शेजाऱ्याची विहीर प्लॉटबाहेर पडते. भारतीय मानक ब्युरोची सेप्टिक टाक्यांसाठीची संहिता, आयएस 2470, 1985 सालापासून सांगते की शोषखड्डा किंवा शोषचर (पाणी मुरवणारा लांबट चर) पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 18 मीटरच्या आत असू नये. कुणाची विहीर, हे संहिता विचारत नाही. रोगजंतूंना कुंपणाशी देणेघेणे नसते, पण आपले नकाशे मात्र कुंपणाशी संपतात.

विहिरी कुठे आहेत हे सरकारला ठाऊक नाही असेही नाही. 2002 च्या भूजल नियमन कायद्याखाली जलस्रोत खात्याकडे विहिरींची नोंदणी होते. म्हणजे विहिरीची नोंद एका खात्यात, शोषखड्ड्याचा नकाशा दुसऱ्या खात्यात, आरोग्याचा दाखला तिसरीकडे आणि परवाना पंचायतीत. अर्जदाराच्या फायलीत हे चारही कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत.

आमच्या जमिनीचाही विचार व्हायला हवा. इथला जांभा सच्छिद्र आहे. काही ठिकाणी त्यात हात जाईल एवढी बिळे असतात आणि चिरेखाणीत उतरलेल्या कुणालाही ती माहीत आहेत. सेप्टिक टाकीत मैल्याचा जड भाग तळाला बसतो, हलका वर तरंगतो आणि मधले पाणी बाहेर पडते. ते पाणी दिसायला बरे असले तरी जंतूंनी भरलेले असते. त्याला निवळायचे काम पुढे माती करते, तेही कोरड्या मातीच्या पुरेशा थरातून ते सावकाश झिरपले तर. जांभ्याच्या बिळात शिरलेले पाणी झिरपत नाही, ते सरळ वाहत जाते. म्हणूनच मे महिन्यात शोषखड्डा कितीही पाणी पितो आणि मालक खूश होतो. आषाढात विहीर कठड्याला टेकते तेव्हा तोच खड्डा भूजलात बुडालेला असतो. मग माती कुठली आणि गाळणे कुठले? खड्ड्यातले आणि विहिरीतले पाणी तेव्हा एकच झालेले असते. संहितेत पाण्याची पातळी जमिनीखाली किमान 180 सेंटिमीटर असेल तरच खड्डा घ्या, नाहीतर जमिनीवर भराव करून त्यात शोषचर घ्या, असे आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गोव्यात ही पातळी कधी मोजायची, हे नियम करणाऱ्यांनी स्पष्ट लिहायला हवे. मे महिन्यात मोजली तर आमच्या गावातला प्रत्येक खड्डा पास होईल.

शोषण चाचणीची, म्हणजे जमीन पाणी किती वेगाने पिते ते बघण्याची, तर गोष्टच वेगळी. चाचणीला काहीच लागत नाही. जिथे खड्डा घ्यायचा तिथे वितभर रुंदीचे भोक घ्यायचे, तळाला दोन बोटे जाड वाळू घालायची, रात्रभर पाणी मुरू द्यायचे आणि सकाळी पुन्हा पाणी भरून अर्ध्या तासात ते किती खाली जाते ते पट्टीने मोजायचे. मी काम केलेल्या एकाही फायलीत या चाचणीचा कागद कुणी मागितला नाही. स्लॅबच्या काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या ठोकळ्यांचे रिपोर्ट मात्र दोन-दोन प्रतींत लागायचे.

बंगला पूर्ण झाला, माणसे राहायला आली. पुढच्या पावसात मी विहिरीचे पाणी तपासले. पाणी खाते वापरते ती छोटी बाटली असते. आत औषध लावलेला कागद, खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी पाणी काळे झाले, म्हणजे त्यात मैल्याचे जंतू असण्याची खूण. पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय हा मैल्यातून येणारा जंतू एकही असता कामा नये. आरोग्य सेवक आला, ब्लीचिंग पावडर टाकून गेला. पावडरचा वास गेला आणि पाणी पुन्हा काळे.

‘नळ आहे ना, मग विहीर हवी कशाला?’ असे मला पंचायतीतच ऐकवले गेले. ऑगस्ट 2022 मध्ये गोवा ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले पहिले राज्य ठरले, आणि त्याबद्दल आनंदच आहे. पण नळाला पाणी देणाऱ्या ओपाच्या प्रकल्पाचा पंप बंद पडला की सगळा वाडा कुठे धावतो, ते विचारणाऱ्यालाही माहीत आहे. श्रावणात, चवथीला, घरात माणसे भरलेली असताना विहिरीवर रहाट चालतोच. शिवाय विहिरीच्या पाण्यावर कुळागर (पोफळीची बाग) आहे, गुरे आहेत. आणि आमचे पाणी आम्हाला लागते की नाही, हे शेजारच्या बंगल्याचा शोषखड्डा का ठरवणार?

इथे एक अडचण मात्र मान्य करायला हवी, कारण तिच्याकडे डोळेझाक करून लिहिलेला नियम टिकत नाही. 18 मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे हजार चौरस मीटरहून जास्त जागा. आमच्याकडे प्लॉट पडतात तीनशे-चारशे चौरस मीटरचे आणि वाड्यावर दर दोन-तीन घरांमागे एक विहीर. नियम अक्षरशः लावला तर कित्येक प्लॉटमध्ये शोषखड्ड्याला जागाच उरत नाही. माझा अंदाज आहे की टेप बाहेर निघत नाही तो याच भीतीने. मोजले तर नाही म्हणावे लागेल, आणि नाही म्हटले की आमदाराचा फोन. पण जागा नसली तरी उपाय आहेत. विहिरीपासून लांबच्या कोपऱ्यात दोन-तीन घरांनी मिळून एक शोषचर घेता येतो. भराव करून वर चर घेता येतो. तेही जमत नसेल तर पूर्ण बंदिस्त टाकी बांधून ती टँकरने नियमित उपसायची. हे खर्चाचे आहे, मला कबूल आहे. पण कोट्यवधींना बंगले विकणाऱ्यांनी खर्चाचे रडगाणे गावाला ऐकवू नये. आणि जुन्या घरांना, विशेषतः ज्यांनी सरकारी योजनेतून शौचालय बांधले त्यांना, पंचायतीने मदत करावी. त्यांच्या मागे टेप घेऊन धावू नये.

टँकरचे निघालेच म्हणून सांगतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. आपल्याकडे ती तुंबल्यावर उपसतात, आणि टँकर कुठे रिकामा झाला हे मालक विचारत नाही, टँकरवाला सांगत नाही. आमच्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी संध्याकाळच्या काळोखात पाइप सोडलेला टँकर मी स्वतः पाहिला आहे, दिवे बंद करून उभा. मोबाइलचा टॉर्च मारल्याबरोबर पाइप ओढत निघून गेला. महाराष्ट्रात वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी 2018 पासून टाक्या वेळापत्रकाने उपसायला सुरुवात केली. तीन वर्षांत प्रत्येक घराची पाळी येते आणि मैलागाळ प्रक्रिया केंद्रात जातो. घरमालकाने फोन करायची वाट बघत नाहीत. गोव्यातली गावे लहान, अंतरे कमी. आपल्याला जमू नये असे त्यात काय आहे?

टाकीत माणूस उतरवायचा प्रकार अजून पूर्ण थांबलेला नाही, म्हणून तेही लिहितो. 2013 च्या कायद्याने त्यावर बंदी आहे आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाखांवर नेली. तरी झाकणे टाइल्सखाली पुरलेली असतात, पाइप आत जात नाही, मग कुणाला तरी दोरी बांधून उतरवण्याची बोलणी सुरू होतात. झाकण न पुरलेले, हाताला येईल असे असणे ही परवान्याची अट असली पाहिजे.

माझी मागणी मोठी नाही. परवान्यासाठीच्या नकाशात प्लॉटच्या हद्दीबाहेरच्या, पण 18 मीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी आणि बोअरवेल दाखवाव्यात आणि शेजाऱ्याची त्यावर सही असावी. टाकी आणि खड्डा बांधून झाला, पण अजून बुजवला नाही, अशा वेळी पंचायतीच्या माणसाने आणि आरोग्य केंद्राच्या निरीक्षकाने येऊन टेप लावून मोजावे, फोटो काढावा, तो फाइलला लावावा. फोटो नसेल तर ऑक्युपन्सी नाही. टाकीत पाणी भरून एक रात्र ठेवले की तळ गळतो की नाही तेही त्याच वेळी कळते. याला नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. परवाना पंचायतच देते आणि परवान्यात अटी घालतेच. रस्त्यावर रेती ठेवू नये ही अट घालता येते, तर खड्डा न दाखवता बुजवू नये ही का घालता येऊ नये?

आमच्या पंचायतीत मी हे तोंडी दोनदा मांडले तेव्हा ‘काका, हे आमच्या हातात नाही, वर लिहा’ असे उत्तर मिळाले. वर लिहिले तर वरून ‘संबंधित पंचायतीशी संपर्क साधावा’ असे पत्र आले. म्हणून आता पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव घ्यावा असा लेखी अर्ज सचिवांकडे दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. इतर गावांतल्या वाचकांच्या विहिरीजवळ एखादा खड्डा उघडा असेल, तर तो बुजण्याआधी टेप लावून फोटो काढून ठेवावा आणि आपल्या पंचायतीत असाच अर्ज द्यावा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर आपल्या कार्यालयाकडे मी त्याची प्रत पाठवतो.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक
फोंडा तालुका, गोवा